दातांचे क्ष-किरण चित्र : तत्त्व आणि दक्षता



एडवणच्या उत्तरेस, याच किनारपट्टीवर, तारापूर येथे १९६९ साली अणुवीज निर्मितीस प्रारंभ झाला. किरणोत्सर्ग हा शब्द या परिसराला नवा नाही. त्यामुळे दातांच्या डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र काढावयास सांगितले की, ‘ते किरण अंगात राहतील काय?’ अशी शंका येणे स्वाभाविक होय. तिचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र शंकेपोटी चित्र टाळले, तर दोन दातांमधील कीड किंवा मुळाशी असलेला विकार वेळीच ध्यानात येत नाही आणि वाचण्याजोगा दात गमवावा लागतो.

क्ष-किरणांचा शोध विल्हेल्म राँटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये लावला. लगेच जानेवारीत जर्मनीतील ओटो वॉकहॉफ यांनी स्वतःच्या दाढांचे चित्र घेतले. त्यास २५ मिनिटे लागली; आज सेकंदाचा अंश पुरतो.

यंत्राच्या नळीत तापलेल्या तारेतून निघणारे इलेक्ट्रॉन उच्च विद्युत्दाबामुळे टंगस्टनवर वेगाने आदळतात व क्ष-किरण उत्पन्न होतात. दिवा मालवला की उजेड उरत नाही, तद्वत् वीज बंद होताच हे किरणही थांबतात.

क्ष-किरण चित्र ही एक प्रकारची सावलीच होय. दाताचे कठीण आवरण किरण अडविते, म्हणून ते पांढरे दिसते. किडलेला भाग ते जाऊ देतो, म्हणून काळसर दिसतो. वाडीतील माडाची सावली सकाळी लांब, तर दुपारी आखूड पडते. त्याचप्रमाणे किरणांचा रोख चुकल्यास दाताची प्रतिमा लांबते वा आखडते आणि चित्र पुन्हा घ्यावे लागते. रुग्णाने स्थिर बसावयाचे ते याचसाठी.

अशा एका लहान चित्रातील किरणांची मात्रा निसर्गातून सुमारे एका दिवसात मिळणाऱ्या मात्रेइतकीच असते. तथापि अनावश्यक चित्र घेऊ नये. गर्भवतीने डॉक्टरांना तशी पूर्वकल्पना द्यावी. यंत्र चालविणाऱ्याने रुग्णाच्या तोंडातील फिल्म स्वतः धरू नये. दूर उभे राहावे. अंतर दुप्पट झाले की किरणांची तीव्रता चौथाईवर येते.

१९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे अशा यंत्रांची नोंदणी आवश्यक आहे. गावात दंततपासणी शिबिर भरविताना पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : यंत्र नोंदलेले आहे काय? चित्राची खरोखर गरज आहे काय? इतर मंडळी दूर आहेत काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी आली, तर भीतीचे कारण उरत नाही.