ऊ उडी मारत नाही

आज उवांवर बोलणार आहे. फौजेतला निवृत्त माणूस आणि विषय उवांचा, म्हणून हसू आलं असेल तर हसून घ्या. पण सैन्याचं आणि उवांचं नातं जुनं आहे. टायफस नावाच्या तापाने (टायफॉइड नव्हे, हा वेगळा) एकेकाळी पलटणीच्या पलटणी आडव्या केल्या. ट्युनिसमध्ये शार्ल निकोल या डॉक्टरांच्या लक्षात आलं की दवाखान्याच्या दारापर्यंत रोगी दुसऱ्याला ताप देतो, पण आंघोळ घालून कपडे बदलले की वॉर्डात कुणालाच देत नाही. 1909 मध्ये त्यांनी सिद्ध केलं की हा ताप उवा पसरवतात. 1928 साली त्यांना नोबेल मिळालं.

पण ती ऊ कपड्यांतली, अंगावरची. मुलांच्या डोक्यातली ऊ वेगळी. ती खाज आणते, झोप मोडते, खाजवून जखमा होतात, पण ती रोग पसरवत नाही. घाणीमुळेही होत नाही. रोज न्हाणाऱ्या डोक्यातही ती तितक्याच आनंदाने राहते. या दोन उवांची गल्लत झाली आणि शिक्षा मात्र पोरींना मिळते.

माझी नात आठ वर्षांची, बडोद्याला असते. उवा सापडल्या म्हणून वर्गात तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. शाळेत जायचं नाही म्हणून ती हटून बसली. घरात सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे केस कापा, कुणी म्हणे रॉकेल लावा, शेजारच्या काकू सीताफळाच्या बिया वाटून घेऊन आल्या.

इथे मी जरा कडक बोलतो. रॉकेल पेट घेतं आणि कातडी भाजतं. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांनी असे रोगी पाहिलेले आहेत. ऊ मरेलही, पण डोळ्याची किंमत देऊन नाही. आणि केस कापायची काही गरज नसते.

शत्रू नीट ओळखा. मोठी ऊ तिळाएवढी. तिला पंख नाहीत, ती उडी मारत नाही, फक्त चालते. म्हणून डोक्याला डोकं लागलं की जाते: एका मोबाइलवर दोघी वाकल्या, एका उशीवर बहिणी झोपल्या, झालं. डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते, त्यामुळे घरभर फवारणी करू नका. दोन दिवसांत वापरलेल्या उशांचे अभ्रे, टोप्या, टॉवेल गरम पाण्यात धुतले की पुरे. लीख केसाला मुळाजवळ चिकटलेली असते. नखाने सरकवून बघा. सरकला तर कोंडा, घट्ट बसली तर लीख.

औषध म्हणजे एक टक्का परमेथ्रिनचं लोशन. केस धुऊन, टॉवेलने टिपून लावायचं, दहा मिनिटांनी धुवायचं. पाकिटावरच्या सूचना वाचा, आणि मूल अगदी लहान असेल किंवा डोक्यात जखमा असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. लोक चुकतात ते पुढे. औषधाने उवा मरतात, लिखा सगळ्या मरत नाहीत. त्या सात ते दहा दिवसांत फुटतात. म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावायचं. पहिल्या दिवसानंतर खाज थांबली की बहुतेक घरं बाटली कपाटात ठेवून देतात, आणि महिन्याभरात उवा परत.

मधल्या दिवसांत फणी. कंगवा नव्हे, बारीक दातांची फणी. ओल्या केसांना कंडिशनर लावून, एकेक बट धरून, मुळापासून टोकापर्यंत, आणि दर वेळी फणी पांढऱ्या कागदावर पुसायची. कानामागे आणि मानेवर जास्त सापडतात. लांब केसांना तासभर सहज लागतो. हे काम निवृत्त माणसाला झकास जमतं. आम्ही एक दिवसाआड बसायचो, ती मोजायची, मी पकडायचो. पहिल्या बैठकीत सव्वीस.

घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासा, मुलग्यांचीही आणि आजीचंही. ज्यांच्या डोक्यात सापडतील त्या सगळ्यांना औषध एकदमच लावा.

एवढं करूनही शेजारच्या बाकावरून त्या परत येऊ शकतात. म्हणून माझ्या मुलीने वर्गातल्या आयांच्या ग्रूपवर सरळ लिहिलं, आमच्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्यात, तुम्हीही बघा. तासभर कुणी बोललं नाही. मग एकीचा निरोप आला, मग दुसरीचा, रात्रीपर्यंत चौघींचे. त्या रविवारी पाचही घरांत औषध लागलं आणि पुढचा नववा दिवस पाचही कॅलेंडरांवर गोल करून ठेवला गेला.