संकटाआधींची कमाई
(शेतकरी व कारागीर बंधुभगिनींच्या मेळाव्यांत दिलेलें व्याख्यान)



मृग निघण्याआधीं आपण काय करतों? छप्पर शाकारतों, बांधाची डागडुजी करतों, लोहाराकडून फाळ शेवटून आणतों, बियाणें उन्हांत घालून ठेवतों. पाऊस सुरू झाल्यावर जो छपरावर चढतो त्याला सारें गांव हंसतें. परंतु संसाराच्या बाबतींत आपणांपैकीं बहुतेक जण तेंच करतात. दुष्काळ आला म्हणजे दाणे शोधायचे, आजार आला म्हणजे सावकार शोधायचा, आणि दुःख आलें म्हणजे धीर शोधायचा! धीर म्हणजे कांहीं बाजारांतलें मीठ नव्हे, कीं संपलें म्हणजे आणलें. तो शेणखतासारखा आधींच घालून ठेवावा लागतो. हीच आजची गोष्ट आहे.

आपल्याच मुलखाचा इतिहास पाहा. सन १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तिकडचा कापूस विलायतेस जाईना, म्हणून आपल्या कापसाचा भाव कधीं नव्हे इतका चढला. हातांत पैसा खेळूं लागला, पत वाढली, आणि सावकार आपण होऊन कर्ज देऊं लागला. लढाई थांबली, भाव कोसळले. कर्ज मात्र होतें तेथेंच राहिलें. त्यांतच जमिनीचा सारा वाढला. अखेर १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे जाळले, आणि तें लोण नगर जिल्ह्यांतही पसरलें. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला. १८७९ सालीं शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला खरा, परंतु तोंपर्यंत कित्येकांचीं घरें धुऊन गेलीं होतीं.

यांत दोष कोणाचा? वाढत्या साऱ्याचा होता, वाटेल तसें व्याज लावणाऱ्याचा होता, आणि न वाचतां येणाऱ्या कागदावर उठविलेल्या अंगठ्याचाही होता. पहिले दोन दोष परक्याचे. ते दूर करावयास भांडावें लागतें. तिसरा आपल्या घरांतला. तो पोरीबाळींना शाळेंत घालून आपणच दूर करूं शकतों. आणि सुगीचे दिवस हे मिरविण्याचे नव्हेत, तयारीचे दिवस आहेत, हा यांतला पहिला धडा.

आतां दुसरें उदाहरण. १९७२ सालीं महाराष्ट्रांत मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरें विकलीं गेलीं, बायाबापड्या खडी फोडायला गेल्या. १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें ५० लाख माणसें सरकारी कामांवर राबत होतीं. पोरांना सुकडी मिळाली. हाल फार झाले. परंतु मागल्या शतकांतल्या दुष्काळांत जशीं माणसें रस्त्याच्या कडेला मरून पडलीं, तसें या वेळीं झालें नाहीं. कां झालें नाहीं? कारण लोक घरांत कपाळाला हात लावून बसले नाहींत. त्यांनीं काम मागितलें, मोर्चे काढले, मजुरी थकली तेथें जाब विचारला. पुढें त्याच अनुभवांतून १९७७ सालीं महाराष्ट्रानें रोजगार हमीचा कायदा केला. म्हणजे एका संकटांतली शिकवण पुढच्या संकटासाठीं कायद्याच्या रूपानें राखून ठेवली. एकट्याचा धीर लवकर आटतो. दहा जणांचा धीर विहिरीसारखा पाझरत राहतो. हा दुसरा धडा.

तिसरा धडा फार कडू आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें, गणपति बोळवून लोक निजले असतां, किल्लारी आणि भोंवतालच्या गांवांत भूकंप झाला आणि हजारों माणसें झोंपेंतच गेलीं. धरणी हलली हें खरें; पण माणसें मारलीं तीं घरांनीं. चिखलांत रचलेल्या जाड दगडी भिंती, आंत-बाहेर दोन पाखे एकमेकांस न बांधलेले, आणि वर धाब्याची हातभर माती! भिंतीच्या आरपार जाणारा जोडदगड ठिकठिकाणीं घातला, दाराच्या माथ्यावरून सलग पट्टा फिरविला आणि धाब्यावरचें ओझें कमी केलें, तर घर तग धरतें. गवंडीदादांनो, सुतारदादांनो, हें तुमच्या हातांतलें ज्ञान आहे. घरधनी म्हणेल, "चार पैसे वांचवा." तुम्ही म्हणा, "पैसे रंगांत वांचवूं, जोडदगडांत वांचवणार नाहीं." भूकंपाला देवाचा कोप म्हणणारा माणूस पुन्हां तशीच भिंत बांधतो. कारण शोधणारा माणूस भिंत बदलतो.

तर मग धीर म्हणजे काय? "सर्व कांहीं चांगलेंच होईल" असें म्हणत बसणें, हा धीर नव्हे. पीक जाईल, भाव पडेल, घरांत दुखणें येईल, जवळचें माणूसही जाईल. हें टळत नाहीं. पाऊस आपल्या हातीं नाहीं, पण बांध आहे. भाव आपल्या हातीं नाहीं, पण सगळें रान एकाच पिकाखालीं घालावें कीं नाहीं, हें आहे. जें हातीं नाहीं त्यासाठीं रडण्यांत रात्र घालवूं नये, आणि जें हातीं आहे तें उद्यांवर टाकूं नये. याचें नांव धीर.

कोणी म्हणेल, "बाबा, रोजचेंच भागत नाहीं, उद्यांसाठीं काय ठेवूं?" हें म्हणणें खोटें नाहीं. उपाशी माणसाला काटकसरीचा उपदेश करणें ही निर्दयता आहे. परंतु सोलापूरकडच्या जुन्या माणसांनीं मुरमाड जमिनींत पेव खणून, आंत कडबा लावून ज्वारी सांठविली, ती कांहीं सगळेच श्रीमंत होते म्हणून नव्हे. एकट्यानें पोतें ठेवतां येत नसेल तर वीस घरांनीं मूठमूठ धान्य एके ठिकाणीं ठेवावें. बचत गटांतल्या आपल्या बायकांनीं हें करून दाखविलेंच आहे. कारागिरानें हातच्या धंद्याबरोबर दुसरें एक काम पोराच्या हातीं द्यावें. लग्नांत मांडवापायीं कर्ज काढूं नये. वरात एका रात्रींत जाते, व्याज वर्षानुवर्षें दारांत बसतें.

आणखी एक गोष्ट. घरांतलें कर्ज कारभारणीपासून लपवूं नका. सातबारा कोठें, पासबुक कोठें, कोणाचें किती देणें, हें घरांतल्या दोघांना ठाऊक असावें. वाटून घेतलेलें ओझें अर्धें होतें. लपविलेलें ओझें माणसाला आंतून पोखरतें. आपल्या विदर्भ-मराठवाड्यांत कर्जापायीं किती कर्त्या माणसांनीं जीव दिला, हें तुम्हांला मीं सांगावयास नको. त्यांना भित्रे म्हणूं नका. ते एकटे पडले होते. कर्ज बुडालें तर पत जाते, पण पत पुन्हां मिळते. माणूस गेल्यावर विधवेच्या पदरीं तेंच देणें आणि वर दुःख, एवढेंच उरतें. म्हणून शेजारचा माणूस बोलेनासा झाला, जेवेनासा झाला, तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. उपदेश करूं नका, ऐकून घ्या. सरकारनें २०२२ सालीं मनाच्या दुखण्यासाठीं टेलि-मानस नांवाची फुकट दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. ताप आला तर डॉक्टराकडे जाण्यांत लाज नाहीं; मन खचलें तर बोलण्यांतही लाज नाहीं.

शेवटीं एवढेंच सांगतों. आज घरीं गेल्यावर दिवा लावून नवराबायकोनें समोरासमोर बसावें. देणें किती, दाणे किती, बियाणें किती, आणि अडल्या वेळीं हांक मारण्याजोगीं माणसें किती, हें पोराच्या हातून वहींत लिहून घ्यावें. शेवटच्या खान्यांत आंकडा लहान निघाला, तर आधीं तो वाढवा. शेजाऱ्याशीं अबोला असेल तर उद्यांच मोडा. संकट दारांत उभें राहील तेव्हां त्याला घर ओसाड सांपडूं नये. माणसांनीं भरलेलें सांपडावें.