करवलीचं रेशीम आणि शिलाईतली माया

आजचा एपिसोड कोडिंगवर नाही, कापडावर आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, पण गाव रिठद, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि तीन करवल्यांचे रेशमी परकर-पोलके शिवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. एक करवली 9 वर्षांची, एक 15 ची, एक 22 ची. त्यातली मोठी म्हणाली, "ताई, मले रेडीमेड काईच बसत नाई. मी फोटोत मांगंच उभी राहीन." करवलीनं नवरीच्या शेजारी उभं राहायचं असतं, लपायचं नसतं. म्हणून ठरवलं, प्रत्येकीच्या मापानंच शिवायचं.

कापड घेतलं टसर. हे आपल्या विदर्भाचं रेशीम. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया भागात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर याच्या अळ्या वाढवतात. तुतीच्या रेशमासारखं ते चकाकत नाही. पोत थोडा खरबरीत, रंग मुळातच मधासारखा. भंडाऱ्याकडची करवतकाठी साडी याचीच: अंग टसरचं, काठ सुती, त्यावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. पण एका साडीत तिघींचं भागत नाही. म्हणून साधं टसर घेतलं, 13 मीटर, एकाच ताग्यातलं. दोन ताग्यांत रंगाची छटा बदलू शकते आणि फोटोत तिघी शेजारी आल्या की लगेच कळते.

खरं रेशीम कसं ओळखायचं? सिल्क मार्कचं लेबल बघा. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारानं ते 2004 पासून आहे. शंका आली तर दोन-चार धागे जाळा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख चिमटीत चुरली तर रेशीम. प्लास्टिकसारखी कडक गाठ झाली तर सिंथेटिक.

आता शिलाई. गावातल्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी रेशमाला हातच लावला नाही. म्हणाल्या, "आधी मांजरपाटाचं शिवू. रेशमाले सुई लागली का छिद्र राह्यते." म्हणजे आपल्या भाषेत, प्रॉडक्शनच्या आधी टेस्टिंग! मांजरपाटाचं पोलकं तिघींना घालून बघितलं, मुंढा, छाती, बाही जिथं अडलं तिथं खुणा केल्या आणि मगच टसर कापलं. सुती अस्तर आधी भिजवून, वाळवून घेतलं, नाहीतर धुतल्यावर ते आटतं आणि वरचं कापड चुण्या खातं.

मापं काकूंनी आतल्या खोलीत, एकेकीची घेतली. कुणाचा आकडा मोठ्यानं सांगितला नाही. माझ्या मते मोठीचा संकोच तिथंच गेला. लग्नात ती नवरीच्या अगदी मागं कऱ्हा घेऊन उभी होती, पुढच्या रांगेत.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: माया. शिलाईच्या आत सोडलेल्या जास्तीच्या कापडाला शिंपी माया म्हणतात. 15 वर्षांचीच्या पोलक्यात दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच ठेवली, 9 वर्षांचीच्या परकराला खाली चार इंच आत दुमडले. दोन वर्षांनी उसवून वाढवता येईल.

तुमच्या घरी लग्न असेल तर किमान दोन महिने आधी कापड घ्या. आणि शिवायला टाकताना एवढं नक्की सांगा: माया ठेवा. महागाचं रेशीम एका दिवसासाठी घेऊ नका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!