भाड्याची भिंत



काही वर्षांपूर्वी माझे एक गुरुजी निवर्तले. देहदान करावे, दिवसकार्य करू नये, अशी त्यांची लेखी इच्छा होती. आणि ती चारचौघांस कळावी म्हणून निधनवार्तेचा मजकूर घेऊन मी एका वृत्तपत्राच्या जाहिरातींच्या खिडकीशी गेलो. तेथील कारकुनाने पेन्सिलीच्या टोकाने शब्द मोजले, दरपत्रकाप्रमाणे आकार सांगितला, आणि परलोकाविषयीच्या शेवटच्या ओळीशी येऊन त्याची पेन्सिल थांबली. "एवढी ओळ काढा, उगाच वाद होतो," तो सौजन्याने म्हणाला. त्याच पानावर 'देवाज्ञा झाली', 'वैकुंठवासी' हे शब्द रोजच्या रोज, कोणताही वाद न होता, छापले जात होते. घरची मंडळी थकलेली होती; ओळ काढली. छापून आलेली ती वार्ता माझ्या गुरुजींची नव्हती, असे मला आजही वाटते.

आजचा विषय तोच आहे. सरकारी हुकुमाने नव्हे, कोर्टाच्या मनाईने नव्हे, तर जागा विकणाऱ्या एखाद्या खाजगी मालकाच्या सौम्य नकाराने जेव्हा एखादे मत लोकांसमोर येण्याचे राहते, तेव्हा त्या मताच्या धन्याने दाद कोठे मागावी?

२००८ साली लंडनच्या बसगाड्यांवर एक ख्रिस्ती जाहिरात होती, आणि तीत दिलेल्या संकेतस्थळावर ख्रिस्तावर विश्वास न ठेवणारांस अनंतकाळ नरकयातना भोगाव्या लागतील, असे बजावलेले होते. एरियन शेरीन या विनोदी लेखन करणाऱ्या तरुण लेखिकेस वाटले की, याच बसगाड्यांवर दुसऱ्या बाजूलाही चार शब्द बोलता आले पाहिजेत. ब्रिटिश ह्यूमनिस्ट असोसिएशनने आणि नास्तिक लेखक रिचर्ड डॉकिन्स यांनी पाठबळ दिले; साडेपाच हजार पौंड जमवावे एवढाच संकल्प होता, आणि लोकांनी दीड लाखाहून अधिक पौंड दिले. जानेवारी २००९ मध्ये ब्रिटनभर आठशे बसगाड्यांवर मजकूर झळकला : 'देव बहुधा नाहीच. तेव्हा काळजी सोडा आणि आयुष्याचा आनंद घ्या.' त्यातील 'बहुधा' हा शब्द जाहिरातींच्या नियमांच्या धाकामुळेही आला असेल, परंतु मला तो सबंध वाक्यातील सर्वांत सत्यनिष्ठ शब्द वाटतो. 'सुधारक' पत्राचे संपादक आगरकर यांच्या अज्ञेयवादाशी परिचय असलेल्या आपल्या श्रोत्यांस त्याची किंमत सांगण्याची गरज नाही. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे तीनशेहून अधिक तक्रारी गेल्या. हे जाहिरातदाराचे मत आहे, पुराव्याने सिद्ध करावयाचे विधान नव्हे, असे सांगून तिने त्या निकालात काढल्या.

येथवर सारे सुरळीत घडले. इतरत्र मात्र तसे घडले नाही. इटलीत जेनोवाच्या बसगाड्यांसाठी दिलेला मजकूर जाहिरात-कंपनीने नाकारला. ऑस्ट्रेलियातही नकार मिळाला. खुद्द ब्रिटनमध्ये २०११ च्या जनगणनेच्या वेळी, ज्यांना धर्म नाही त्यांनी तसे नोंदवावे, असे सांगणारी भित्तिपत्रके रेल्वे स्थानकांवरील जागांचे मक्ते असलेल्या कंपन्यांनी परत पाठविली.

अमेरिकेतील पेन्सिल्वेनियाचा खटला मला सर्वांत बोधप्रद वाटतो. लॅकावाना परगण्याच्या बससेवेकडे तेथील मुक्तचिंतकांनी जी जाहिरात दिली, तिच्यात 'नास्तिक' हा एकच शब्द, संस्थेचे नाव आणि तिच्या संकेतस्थळाचा पत्ता, एवढेच होते. तीत निषेध नव्हता, उपहास नव्हता, एखादे क्रियापदसुद्धा नव्हते! तरीही वाद माजेल या सबबीवर २०१२ पासून ती नाकारली गेली. २०१९ साली वरिष्ठ न्यायालयाने हा नकार घटनाबाह्य ठरविला, याचे एक कारण असे की ती बससेवा सार्वजनिक होती. तीच गाडी खाजगी मालकाची असती, तर अमेरिकेच्या राज्यघटनेतील भाषणस्वातंत्र्याची सनद त्या अर्जदारांच्या काही कामास आली नसती. कारण ती सनद शासनाचे हात बांधते, दुकानदाराचे नव्हे. आपल्या राज्यघटनेच्या कलम १९ मधील भाषणस्वातंत्र्यासारख्या हक्कांकडेही बराच काळ बहुधा याच दृष्टीने पाहिले गेले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या बहुमताने मात्र हे हक्क शासनेतर व्यक्तींविरुद्धही बजावता येतील असे म्हटले आहे, आणि त्याचा विस्तार कोठवर होतो हे पुढील खटल्यांतून ठरावयाचे आहे.

मालकाचा पक्ष मी हलका मानीत नाही. 'सुधारक'कारांनी विरोधकांचा मजकूर छापलाच पाहिजे, असा आग्रह कोणी धरला असता तर तो जुलूम ठरला असता. कारण ज्या पत्रास स्वतःचा आवाज आहे, त्याला निवडीची मुभा असलीच पाहिजे. परंतु जी भिंत चौरस फुटांच्या हिशेबाने साबणालाही मिळते, निवडणुकीच्या उमेदवारालाही मिळते आणि कीर्तनमहोत्सवालाही मिळते, तिला स्वतःचा कोणता आवाज आहे? नदीवरचा नावाडी उतारूचा धर्म विचारीत नाही. नाव त्याची असली तरी घाट सर्वांचा असतो, आणि दुसरी नाव नसताना त्याने केलेला मज्जाव हा व्यापार राहत नाही, तो हुकूम होतो. माझी मागणी माफक आहे. ज्याने दरपत्रक टांगले, त्याने नकाराचे कारण लेखी द्यावे, ते आधी जाहीर केलेल्या नियमांत असावे, आणि श्रद्धावंतासही तेच लागू व्हावे. 'वाद होईल' हे कारण मी कारण मानीत नाही. कारण त्याचा अर्थ एवढाच की, जो मोठ्याने ओरडेल त्याच्या हाती परवान्याचा शिक्का द्यावा.

ही मागणी केवळ नास्तिकांची नव्हे. २०१५ साली ब्रिटनमधील बहुतेक मोठ्या चित्रपटगृहांच्या जाहिराती ज्या कंपनीकडे होत्या, तिने इंग्लंडच्या चर्चची प्रार्थनेची चित्रफीत नाकारली. आणि त्या नकाराविरुद्ध बोलणारांत डॉकिन्सही होते. मला त्यांच्या इतर पुष्कळ गोष्टी पटत नाहीत, पण त्या दिवशी ते ज्या बाजूस उभे राहिले ती बाजू मला आपली वाटते.

यावर कोणी म्हणेल, आगरकरांनी काय केले? सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी पटेना, तेव्हा ते १८८७ साली 'केसरी'तून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःचे 'सुधारक' काढले. खरे आहे, आणि ते धैर्य वंदनीय आहे. पण छापखाना दुसरा काढता येतो, रेल्वेचे स्थानक दुसरे काढता येत नाही. जर्मनीत एकामागून एका शहराच्या बसकंपनीने नकार दिला, तेव्हा २००९ मध्ये तेथील निरीश्वरवाद्यांनी एक दुमजली बस भाड्याने घेतली, 'जवळजवळ निश्चित म्हणावे इतक्या संभवनीयतेने देव नाही' असा अस्सल जर्मन काटेकोरपणाचा मजकूर तिच्यावर लिहिला आणि देशभर दौरा काढला. तिच्या पाठोपाठ एका ख्रिस्ती संस्थेने आपली बस सोडली, आणि गावोगाव दोन्ही मते रस्त्यावर आली. ज्या वादाच्या भयाने कंपन्यांनी दारे लावली होती, तो वाद असा उघड्यावर झाला. परंतु बस भाड्याने घेण्याची ऐपत असलेल्यांची ही गोष्ट आहे; खिडकीशी पैसे मोजून उभ्या असलेल्या माणसाची नव्हे.

हे व्याख्यान पुढे छापले जाणार आहे, असे चिटणीसांनी मला सांगितले आहे. त्यांना एकच विनंती. गुरुजींची ती ओळ मी आता वाचून दाखवितो, ती त्यांनी जशीच्या तशी छापावी : 'परलोकावर त्यांचा विश्वास नव्हता, त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही धार्मिक विधी होणार नाही.'