वीज वाचवू, सरपणही वाचवू

(रविवारच्या उपासनेनंतर मंडळीपुढे केलेले भाषण)



घरातील वीज आणि इंधन वाचवण्याबद्दल बोलायला मला सांगितले आहे. आधी एक कबुली देते. काही वर्षांपूर्वी जिंतूर तालुक्यातल्या एका आंध वाडीवर मी हाच विषय घेऊन गेले होते. दिवे बंद करा, पंखे बंद करा, असे तक्ते दाखवून सांगत होते. एक आजी शेवटी म्हणाल्या, "ताई, एक दिवा हाय घरात. तो बी सांजच्याला जातो. त्यातलं काय वाचवू?" मी तक्ते गुंडाळले. हे भाषण आधी आपल्या मंडळीत व्हायला हवे होते.

आपल्या मराठवाड्यात वीज म्हणजे पाणीसुद्धा आहे. येलदरीला वीज होते ती पूर्णेच्या पाण्यावर. परळीच्या औष्णिक केंद्राला कोळशाबरोबर पाणी लागते. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते बंद ठेवावे लागले होते. म्हणून रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा ही केवळ आपल्या बिलाची गोष्ट नाही.

हिशेब सोपा आहे. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट. साधा पंखा साधारण ७५ वॅटचा. तो रोज चार तास विनाकारण चालला, तर महिन्याला ९ युनिट गेले. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला तेवढेच. त्याजागी ९ वॅटचा एलईडी लावला तर दीड युनिटही लागत नाही. दोन हजार वॅटचा गिझर रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला ३० युनिट. परभणीच्या उन्हात बादली अंगणात ठेवली तर वर्षातले कितीतरी दिवस गिझरची गरज नाही. इस्त्री रोज एका शर्टासाठी तापवू नका, आठवड्याची एकदम करा. गरम भाजी फ्रिजमध्ये ठेवू नका. १०० युनिटांच्या पुढे दरही चढतो, हे लक्षात असू द्या.

आता स्वयंपाकघर. डाळ, हरभरा आधी भिजत घाला. भांड्यावर झाकण ठेवा. उकळी आली की आच कमी करा. जोरात उकळले म्हणून अन्न लवकर शिजत नाही. डाळ-भात कुकरमध्ये एकावर एक लावा.

यातले बरेचसे त्या आजी न शिकवता करत होत्या. भाकरी होईपर्यंत वैलावर डाळ ठेवलेली. स्वयंपाक आटोपताच लाकडे बाहेर ओढून विझवलेली, कोळसे उद्यासाठी बाजूला. कारण ती मोळी त्यांनी डोक्यावरून आणलेली असते. पावसाळ्यात तुराट्या, पळाट्या ओल्या होतात आणि घर धुराने भरते. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, अनेक घरांत सिलिंडर पोहोचला. पण तो पुन्हा भरायला पैसे लागतात, म्हणून कित्येक ठिकाणी तो कोपऱ्यात रिकामा उभा आहे. धूर बायकांच्या डोळ्यांत आणि छातीत जातोच आहे. त्यांना काटकसर शिकवायची गरज नाही. कमी लाकडात, कमी धुरात शिजवणारी चूल हवी आहे.

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले. त्या दिवशी अन्न भरपूर होते, तरी नासाडी चालली नाही. बारा टोपल्या भरल्या. आपल्या घरांतही असे तुकडे पडलेले आहेत.

म्हणून एवढेच करा. आज घरी गेल्यावर मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहा. महिन्याने पुन्हा पाहा आणि मागच्या बिलाशी ताडा. जेवढे रुपये वाचतील, तेवढे पाकिटात घालून वाड्यांवरच्या सुधारित चुलींसाठी द्या. पन्नास असोत की दोनशे, संकोच करू नका.

आणि निघताना आपल्या उपासना मंदिरातले पंखे कोण बंद करणार, तेही आजच ठरवू या. मागच्या रविवारी ते सायंकाळपर्यंत फिरत होते.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.