सनदेमागची सत्ता : बार कौन्सिलची रचना आणि निवडणूक

वरळीच्या चाळीतील भाडेकरू असो वा गोव्यातील जमीनमालक, न्यायालयात ज्याच्या हाती तो आपले वकीलपत्र देतो त्या वकिलाची सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, सहसा महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडून मिळते आणि गंभीर गैरवर्तन सिद्ध झाल्यास तिच्याकडून काढूनही घेतली जाऊ शकते. म्हणून या संस्थेची घडण हा केवळ वकिलांचा अंतर्गत विषय मानता येत नाही. वकिलांनी स्वेच्छेने स्थापन केलेल्या बार असोसिएशनहून ती वेगळी असून, अधिवक्ता अधिनियम, 1961 या संसदेच्या कायद्यातून तिला अधिकार प्राप्त झाले आहेत.

महाराष्ट्र आणि गोव्याप्रमाणे मतदारयादीतील वकिलांची संख्या दहा हजारांहून अधिक असलेल्या राज्य कौन्सिलवर 25 सदस्य निवडून येतात, त्यांपैकी शक्यतो निम्मे किमान दहा वर्षे नोंदणीकृत वकील असावे लागतात आणि राज्याचे महाधिवक्ता पदसिद्ध सदस्य असतात. निर्वाचित सदस्यांची मुदत पाच वर्षांची असते. अध्यक्ष व उपाध्यक्ष कौन्सिल आपल्यातूनच निवडते आणि बार कौन्सिल ऑफ इंडिया या राष्ट्रीय संस्थेवर एक प्रतिनिधी पाठवते.

मतदान एकल संक्रमणीय मतपद्धतीने होते, म्हणजे मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो आणि निवडून येण्यास लागणाऱ्या मतांहून अधिक पडलेली, तसेच बाद झालेल्या उमेदवारांची, मते पुढील पसंतीकडे वळतात. अशा पद्धतीत 25 जागांसाठी निश्चित विजयाला एकूण वैध मतांच्या सुमारे सव्विसाव्या भागाहून किंचित अधिक मते पुरतात, त्यामुळे मुंबईच्या संख्याबळापुढेही जिल्हा न्यायालयांतील वकिलांना आपला प्रतिनिधी पाठवता येतो, आणि हेच या पद्धतीचे मोठे सामर्थ्य होय.

तथापि, गैरवर्तनाच्या तक्रारी ऐकणारी तीन जणांची शिस्तपालन समितीही याच निवडणुकीतून आकार घेते, कारण तिचे दोन सदस्य कौन्सिलमधून निवडलेले आणि तिसरा कौन्सिलने घेतलेला, कौन्सिलबाहेरचा व किमान दहा वर्षे नोंदणीकृत असलेला वकील असतो; तिच्या निर्णयाविरुद्ध बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करता येते. ज्यांच्या मतांवर निवडून यायचे त्यांच्याच वर्तनाचा निवाडा करायचा, हा पेच येथे आहे, आणि ज्या पक्षकाराचे हित पणाला लागलेले असते त्याला मात्र मताधिकार नाही. याउलट इंग्लंड व वेल्समध्ये 2007 च्या विधी सेवा कायद्याने स्थापन झालेल्या, वकिली व्यवसायाच्या नियमनावरील देखरेख मंडळावर वकील नसलेल्या सदस्यांचे बहुमत बंधनकारक केले आहे.

शासनाच्या हस्तक्षेपापासून वकिलांचे स्वातंत्र्य जपण्यासाठी भारतीय रचना आवश्यकच आहे. मात्र ते स्वातंत्र्य अंतिमतः पक्षकाराला निर्भय वकील मिळावा यासाठीच दिलेले असते. जातीच्या, जिल्ह्याच्या वा गटाच्या निष्ठेवर दिलेले मत या उद्देशाशी प्रतारणा करते. म्हणून पसंतीक्रम लिहिताना, आपल्याविरुद्धची तक्रारही निःपक्षपणे ऐकेल असा उमेदवार कोणता, याचा विचार प्रत्येक वकील मतदाराने करावा, आणि शिस्तपालनाच्या कामात वकिलेतर नागरिकांना स्थान देणारी सुधारणा संसदेकडे वकिलांनीच मागावी.