कारखान्याचे दुसरे दार

(खडकी येथे कामगारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रत्येक कारखान्याला दोन दारे असतात. एका दाराने कामगार आत जातो, दुसऱ्याने माल. पहिल्या दाराशी न्याय असावा म्हणून कामगार चळवळीने अनेक दशके झुंज दिली. कामाचे ठरलेले तास, किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी ही त्या झुंजीची फळे होत. दुसऱ्या दारातून येणारा माल कोणी, किती मजुरीत आणि कोणता धोका पत्करून घडविला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. अलीकडे कंपन्यांच्या अहवालांत ‘नैतिक व शाश्वत खरेदी’ हे शब्द वारंवार आढळतात. त्या शब्दांना अर्थ यावयाचा असेल तर तो खरेदीखात्याच्या टेबलावर यावा लागेल. अहवालाच्या गुळगुळीत पानांवर तो येणार नाही.

खडकीला हा प्रश्न परका नाही. येथील दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. उच्च स्फोटकांचा कारखानाही येथलाच. १९४६ साली स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी याच परिसरात वाढली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध निर्माणींचे सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले आणि खडकीचे हे दोन्ही आयुध कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. कामगार संघटनांनी त्या निर्णयाला केलेला विरोध सर्वश्रुत आहे. काल जी सरकारी खात्याची खरेदी होती ती आज कंपनीची खरेदी आहे. म्हणून कंपनी खरेदी कशी करते याकडे खडकीच्या कामगाराने डोळसपणे पाहिले पाहिजे.

नियम अजिबात नाहीत असे नव्हे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या आदेशानुसार, २०१८ च्या दुरुस्तीसह, सरकारी कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची असते. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि स्त्री उद्योजकांसाठी ३ टक्के वाटा आहे. शेअरबाजारात नोंदलेल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना ‘सेबी’च्या नियमाप्रमाणे २०२२-२३ पासून व्यवसाय-जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. शाश्वत खरेदीची कार्यपद्धती आहे काय, आणि असल्यास किती टक्के माल त्या पद्धतीने घेतला, असा प्रश्न त्यात आहे. माल कोणाकडून घेतला, हे या नियमांमुळे कळते. तो कोणत्या भावाने घेतला आणि त्या भावात मजुराचे पोट भरते काय, हे त्यातून कळत नाही.

येथे थोडे अंकगणित करावे लागेल. समजा, एका लहान वर्कशॉपमध्ये तयार होणाऱ्या सुट्या भागाची किंमत १०० रुपये आहे. त्यात ६० रुपये पोलादाचे, २० रुपये वीज, भाडे व व्याजाचे आणि २० रुपये मजुरीचे. मोठी कंपनी म्हणते, यंदा भाव ५ टक्क्यांनी उतरवा. पोलादाचा भाव पोलाद कारखाना ठरवितो, विजेचा वीज कंपनी, व्याजाचा बँक. यांपैकी कोणापुढेही वर्कशॉपवाल्याचे काही चालत नाही. नफा आधीच नाममात्र असेल, तर ते ५ रुपये मजुरीतूनच निघतात. मालाच्या किमतीतील ५ टक्के कपात ही मजुरीतील २५ टक्के कपात होते. मग कायम माणसाच्या जागी हंगामी माणूस येतो, आठ तासांचे बारा होतात, आणि पॉवर प्रेसचे संरक्षक कवच वेग मंदावतो म्हणून काढून ठेवले जाते. बोटे तुटतात ती वर्कशॉपमध्ये. त्याचा निर्णय झालेला असतो खरेदीखात्यात.

पुरवठ्याच्या अनेक करारांत पोलादाचा वा तांब्याचा भाव चढल्यास दर वाढवून देण्याचे कलम असते. महाराष्ट्रात किमान वेतनावरील विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. परंतु तो वाढला म्हणून दर वाढवून देणारे कलम मात्र शोधावे लागते. धातूची महागाई कराराला कळते, माणसाची कळत नाही. नदीचेही तसेच. प्लेटिंगचे सांडपाणी शुद्ध न करता मुळा-पवनेत सोडणाऱ्याची निविदा, ते शुद्ध करणाऱ्यापेक्षा स्वस्त असणारच. सर्वांत कमी दराची निविदा डोळे मिटून स्वीकारणे म्हणजे कायदा पाळणाऱ्याला दंड करणे होय.

तिसरी गोष्ट पैसे देण्याच्या मुदतीची. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. परंतु ज्याच्या हाती पुढची ऑर्डर आहे त्याच्याकडे व्याज मागण्याची छाती कोणाची होणार? बिल थकले की वर्कशॉपवाला कर्ज काढतो, आणि कामगाराचा पगार पुढच्या महिन्यावर जातो. लहानांनी मोठ्यांना बिनव्याजी भांडवल पुरवावे, असा हा उफराटा व्यवहार आहे.

यावर बहुतेक कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते. पुरवठादाराकडून आचारसंहितेवर सही घ्यायची आणि वर्षातून एकदा तपासनीस पाठवायचा. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्या इमारतीतील काही कारखान्यांची अशी तपासणी पूर्वी झालेली होती. त्यानंतर कामगार संघटना व परदेशी कंपन्या यांच्यात जो बंधनकारक करार झाला, त्यात कारखाना सुरक्षित ठेवणे परवडेल अशाच व्यापारी अटी ठरवाव्यात, असे खरेदीदारांवर बंधन घालण्यात आले. नीतीचा भार विकणाऱ्याइतकाच विकत घेणाऱ्यावरही आहे, हे तत्त्व तेथे लेखी मान्य झाले.

यामुळे माल महागेल आणि स्पर्धेत टिकाव लागणार नाही, असा आक्षेप येतो. तो उडवून लावण्याजोगा नाही. एकट्यानेच नियम पाळला तर तो मागे पडेल, हे खरे. म्हणूनच नियम सर्वांना सारखा हवा आणि आरंभ मोठ्या सरकारी खरेदीदाराने करावयास हवा. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने १८९१ साली ठराव करून सरकारी कंत्राटदारांवर रास्त वेतनाची जबाबदारी टाकली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४९ साली ९४ क्रमांकाच्या करारात तेच तत्त्व मांडले. भारताने तो करार स्वीकारलेला नाही. आपल्याकडे ठेकेदाराने पगार बुडविल्यास तो मूळ मालकाने द्यावा, ही १९७० च्या कायद्यातील तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांतही आहे. परंतु ती कारखान्याच्या आवारातील कंत्राटी कामगारापुरती. बाहेरच्या वर्कशॉपमध्ये त्याच कारखान्यासाठी राबणाऱ्याला तिचा आधार नाही.

हे अंतर खरेदीच्या करारानेच भरून काढता येईल. किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि सांडपाणी शुद्धीकरण यांचा खर्च धरून किमतीची तळरेषा आखावी आणि तिच्याखालील निविदा बाद करावी. विशेष भत्ता वाढला की दर वाढावा. खरेदी अधिकाऱ्याचे काम जोखताना त्याने किती वाचविले याबरोबरच किती बिले ४५ दिवसांत चुकती केली हेही मोजावे. पुरवठादारांची यादी कामगार संघटनेला मिळावी आणि अपघाताची तक्रार आल्यास चौकशीत तिचा प्रतिनिधी असावा.

यांपैकी शेवटची गोष्ट संघटित कामगारावर अवलंबून आहे. वर्कशॉपमध्ये बारा तास राबणारा तरुण पुष्कळदा खडकीतल्याच कामगाराचा मुलगा किंवा पुतण्या असतो. बापाच्या वेतनकरारात त्याच्याविषयी एक ओळही नसते. पुढच्या मागण्यांच्या सनदेत महागाई भत्ता आणि बोनस यांच्याबरोबर खरेदीच्या अटींचे एक कलम घालणे, एवढे तरी खडकीच्या संघटनांना आज करता येण्यासारखे आहे.